ट्रँटरबाई आल्या का?

"आल्या का रे बाई?"

विल्फ टॅम्स नदीकाठच्या गवतात पालथा पडला होता. हनुवटी मुठीवर टेकलेली, पाण्यावरची चकाकी घालवणारा चष्मा डोळ्यांवर, टोपी पुढं ओढलेली. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला चक्कर आली म्हणून धावत आलं असतं. पण त्या उन्हाळ्यात डव्ह नदी इतकी उतरली होती की दुसरा इलाजच नव्हता. पाणी कसलं, काचच. तळाचा गोटा न् गोटा दिसायचा. काठावर माणूस नुसता उभा राहिला तरी मासे पसार.

त्याच्या मागं, झुडपांच्या आडोशाला, घडीच्या बुटक्या खुर्चीत होरेस ब्लूर बसला होता. आडव्या बांध्याचा माणूस. जन्मभर उटॉक्सेटरला खाटकाचं दुकान चालवलेला. मनगटं अजून लाकडाच्या ओंडक्यासारखी. गळाची काठी मांडीवर आडवी. डोळे मात्र गेल्या हिवाळ्यापासून कामातून गेले होते. अगदी अंधार नव्हता, पण नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला होता आणि त्याच्या कडेकडेनं जेवढं दिसेल तेवढं जग उरलं होतं. समोरच्याचं तोंड बघायचं असलं की होरेस आपलं तोंड दुसरीकडं फिरवायचा. नवख्याला वाटायचं, काय शिष्ट म्हातारा आहे.

"विल्फ्या, झोपलास की काय? बाई आल्या का, विचारतोय."

"थांब की जरा. बघतोय."

"बघतोयस तर सांग ना. मी इथं चर्चमध्ये बसल्यासारखा गप्प बसलोय."

"दोन चब मासे आहेत, विलोच्या झाडाच्या मुळाशी. चांगले दांडगे. तोंड वासून उभे आहेत."

"चबचं काय कौतुक सांगतोस! चब काय, सिगारेटचं थोटूक टाकलंस तरी गिळेल. बाईंचं सांग."

विल्फनं पाहिलं. पांढऱ्या फुलांच्या पाणगवताच्या दोन पट्ट्यांमध्ये वाळूगोट्यांचा एक पिवळा तुकडा होता. मासे तिथं रोज चरायला येत, त्यामुळं तो झाडून घेतलेल्या अंगणासारखा लख्ख दिसायचा. त्या अंगणात तीन लहान बार्बेल मासे नाकं खाली घालून गोटे उलथत होते. मधूनच एखादा कुशीवर वळला की पितळी ताट चमकल्यासारखं व्हायचं. चौथं कुणी नव्हतं. येणारही नव्हतं, हे विल्फला घरून निघतानाच ठाऊक होतं.

"आल्या," तो म्हणाला.

शब्द तोंडातून निसटला आणि त्याला कळलं, आता याच्यामागून आणखी पुष्कळ शब्द पाठवावे लागणार.

"कुठं?"

"त्या चपट्या दगडामागं. डोकं तेवढं दिसतंय."

"मिशा?"

"तीन."

"उजवीकडची पुढची नाही?"

"नाही."

होरेस हसला. आवाज न करता, पोट हलवत. "बघ! मी म्हटलं होतं ना ईनिडला? ती म्हणते, चार दिवस नव्हतास, मासे काय तुझ्यासाठी थांबतायत? म्हटलं, ट्रँटरबाई वर्ग सोडून कधी गेल्यात का?"

विल्फनं गवताची एक काडी तोडून दातांत धरली.

ट्रँटरबाई म्हणजे बार्बेल जातीचा मासा. खरं तर मादी. माणसाच्या हाताएवढी लांब, जुन्या पितळेच्या रंगाची, ओठांवर मिशा. बार्बेलला मिशा चार असतात. हिची एक कुणाच्या तरी गळानं कधीकाळी तोडून नेली होती. गावातल्या शाळेत होरेस आणि विल्फ एकाच बाकावर बसायचे तेव्हा त्यांना शिकवायला मिस ट्रँटर होत्या. त्यांच्या हनुवटीला तीन राठ केस होते आणि त्यांचा डोळा चुकवून वर्गात कुणाला शिंकतासुद्धा यायचं नाही. होरेसनं पहिल्यांदा हा मासा पाहिला तेव्हा तो आमिषाकडं नाक करून आला, वास घेतला आणि तोंड फिरवून निघून गेला. "अरे, या तर आपल्या ट्रँटरबाई!" होरेस म्हणाला, तेव्हापासून तेच नाव. बाई आल्या, बाई रागावल्या, बाईंनी आज हजेरी घेतली नाही. मासेमारीच्या क्लबातले पोरगेले मेंबरसुद्धा तसंच बोलायचे. बाई अनेकांनी पाहिल्या होत्या. गळाला मात्र त्या कुणाच्याच लागल्या नव्हत्या.

होरेसनं मनात आणलं तर लागतील, असं सगळे धरून चालले होते, कारण होरेसच्या हाताला मासा यायचाच. त्याच्या दिवाणखान्यात क्लबाचे कप ओळीनं होते आणि वर भिंतीवर फोटो. प्रत्येक फोटोत होरेस, छातीशी मासा, आणि फोटोच्या कडेला जाळ्याचा दांडा नि तो धरलेला एक हात. तो हात विल्फचा.

विल्फचं सगळं आयुष्यच तसं कडेला गेलं. पंधराव्या वर्षापासून तो रोज सकाळची बस धरून स्टोकच्या चिनी मातीच्या कारखान्यात जायचा. काम एकच, कपांना कान चिकटवायचे. ओल्या मातीचा कान घ्यायचा, पातळ चिखलाचं बोट लावायचं, कपाला अल्लद दाबायचा, पुढचा घ्यायचा. कारखाना बंद पडेपर्यंत तेच. एल्सी, त्याची बायको, कुणाच्या घरी चहाला गेली की आधी कप उलटा करून कारखान्याचा शिक्का बघायची आणि म्हणायची, "हा कान आमच्या ह्यांनी लावलेला असणार." मग एल्सी गेली. आता तसं म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. राहिला होता होरेस. होरेस मासा काठाशी आणणार, विल्फ जाळं खाली घालणार. होरेस शिव्या देणार, विल्फ खाणार. तक्रार नव्हती. निदान तक्रार आहे, हे विल्फला तोवर ठाऊक नव्हतं.

या उन्हाळ्यात होरेसनं बाईंसाठी जागा चारायला घेतली होती. संध्याकाळ झाली की भांगेचं उकडलेलं बी मूठमूठ आणि डब्यातल्या मांसाचे चौकोनी तुकडे त्या पिवळ्या अंगणात टाकायचे, गळ घालायचा नाही. माशांना जागेचा विश्वास पटू द्यायचा. जन्मभर ताजं मांस विकलेला माणूस माशाला डब्यातलं मांस घालतो, यावरून क्लबात त्याची टर उडायची. "बाईंना पण माझ्या दुकानाचा अनुभव आहे," असं तोच म्हणायचा. बी उकडताना घरात असा वास सुटायचा की त्याच्या बायकोनं, ईनिडनं, ते पातेलं बागेतल्या खोपटात हाकलून दिलं होतं.

आणि एकानं चारलेल्या जागेत दुसऱ्यानं गळ टाकायचा नाही. क्लबाच्या पाटीवर हे कुठं लिहिलेलं नाही. गाडी लावू नका, फाटक बंद ठेवा, मासा जिवंत परत सोडा, हे लिहिलंय. चारलेल्या जागेचं लिहायची कधी कुणाला गरजच वाटली नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये, हे काय लिहून ठेवतात?

तर मागच्या आठवड्यात होरेसला डोळ्यांसाठी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं. निघताना त्यानं पातेलं विल्फच्या हाती दिलं. "माझ्याऐवजी तेवढं टाक रे संध्याकाळी. बाईंना म्हणावं, ब्लूर आजारी आहे, चिठ्ठी आणलीये."

पहिल्या संध्याकाळी विल्फनं बी टाकलं आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पातेल्याबरोबर गळाची काठीही घेतली. काठी कशाला रे, असं त्यानं स्वतःला विचारलं. सवयीनं, असं स्वतःच उत्तर दिलं. विचारणारा आणि सांगणारा, दोघंही खोटं बोलत होते.

त्या संध्याकाळी बाई तिथं होत्या. अंगणाच्या मधोमध, उघड्यावर, एखादी मोठी बाई बाजारात मधोमध चालावी तशा. त्यानं मांसाचा एक तुकडा गळाला लावला, लांब वरच्या बाजूला सोडला आणि प्रवाहानं तो आपोआप गडगडत बाईंच्या तोंडापाशी नेला. बाईंनी वास घेतला. आणि तुकडा तोंडात घेतला.

मग जे झालं ते विल्फ रोज रात्री उशीवर डोकं ठेवलं की पुन्हा बघत होता. काठी अशी वाकली की त्याला वाटलं, आता नदीच ओढून नेणार. बाई पाणगवतात घुसल्या, बाहेर आल्या, खाली दगडांकडं धावल्या. तो मोठ्यानं बोलत होता. "नका ना बाई, नका ना." शेवटी बाई दमून काठाशी आल्या आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातात जाळं अशी कसरत करत विल्फनं त्यांना उचललं. एवढं ओझं त्याच्या जाळ्यात कितीदा आलं होतं, पण ते स्वतःच्या गळाचं कधीच नव्हतं. तो गुडघे टेकून बसला आणि बाईंकडं बघत राहिला. हे सांगायचं कुणाला? एकच माणूस होता, आणि त्याच्याच ताटातलं हे उचललेलं होतं.

दमलेला बार्बेल नुसता पाण्यात टाकून चालत नाही. त्याचं तोंड प्रवाहाकडं करून दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावं लागतं, त्याच्यात पुन्हा जीव येऊन तो स्वतःहून हातातून निघून जाईपर्यंत. पाणी थंड असलं तर लवकर होतं. असं उतरलेलं, तापलेलं पाणी असलं तर फार वेळ लागतो. विल्फनं बाईंना पाण्यात धरलं. त्या एका कुशीवर कलत होत्या, कल्ले हळूहळू हलत होते. तेवढ्यात वरून पायवाटेवरनं हाक आली.

"कोण आहे तिथं? मिस्टर टॅम्स का?"

मेव्हिस सॉल्ट आणि तिचा कुत्रा. मेव्हिसनं पाहिलेलं ईनिडला कळायला तिला घरी पोचण्याइतका वेळसुद्धा लागत नसे.

विल्फनं हात काढून घेतले.

बाई प्रवाहाबरोबर कडेकडेनं खाली गेल्या. पाणगवताच्या टोकाशी एकदा त्यांचं पांढुरकं पोट वर आलं आणि मग विलोच्या सावलीत काही दिसेनासं झालं. विल्फनं काठी झुडपात सारली, पातेलं हातात घेतलं आणि उठून उभा राहिला.

"होरेसच्या माशांना खायला टाकत होतो."

"किती हो करता तुम्ही त्याच्यासाठी!" मेव्हिस म्हणाली. "असा मित्र नशीबवानालाच मिळतो."

त्यानंतर रोज सकाळी विल्फ नदीच्या खालच्या अंगानं पुलापर्यंत चालत जायचा. गवतात अडकलेलं काही पांढरं दिसलं की तो वाकून बघायचा. एकदा प्लॅस्टिकची पिशवी निघाली, एकदा मेलेलं बदक. बाई सापडल्या नाहीत. सापडल्या नाहीत म्हणून बरं वाटायचं आणि लगेच आठवायचं, या नदीत पाणमांजरं आहेत, बगळे आहेत. काहीच सापडलं नाही याचा अर्थ काहीच होत नाही.

आणि आज होरेस परत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढं टिकलं तरी देवाची कृपा समजा.

"आता काय करतायत?" होरेसनं विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? मेव्हिस सॉल्ट? बाई काय करतायत?"

"बाहेर आल्यात. अर्ध्या. खातायत."

"बी की मांस?"

"बी."

"रुळतायत. रुळू दे." पलीकडं गाई पाण्यात उतरून पीत होत्या, त्यांच्या पायाखालचा गढूळपणा धुरासारखा खाली वाहत जात होता. मग होरेसनं मांडीवरची काठी उचलली आणि विल्फच्या पाठीवर टेकवली. "घे."

"काय?"

"काठी घे. गळ तू टाक."

"डोकं फिरलंय का तुझं? सबंध उन्हाळा तू चारलंस!"

"चारलं. मग? ओढ मला हाताला कळेल, ते खरंय. पण बाई वर आल्या तर मला काय दिसणार? राखाडी डाग वर आला, एवढंच. त्यांना वर येताना बघेल असा माणूस काठीला पाहिजे. आणि बघणारा इथं एकच आहे."

"माझा खांदा दुखतोय, होरेस."

"तो तुझा खांदा गवत कापायच्या वेळी दुखायचा, एल्सी सांगायची. घे म्हणतो ना! जाळं मी धरतो. आयुष्यात एकदा मलाही बघू दे ते काय असतं. आणि चुकलो तर शिव्या दे. मी तुला कमी दिल्यात का?"

"होरेस, ऐक—"

"श्श! बाईंच्या तासाला बोलायचं नाही."

विल्फनं काठी घेतली. तुकडा गळाला लावताना त्याच्या हातून तो दोनदा गवतात पडला. तेवढ्यात होरेस जाळं घेऊन, बुडावर सरकत सरकत, काठाशी आला आणि पाय पाण्यात सोडून बसला. पायांत बूट होते, ते भिजले. त्याला पर्वा नव्हती. त्याचा चेहरा एखाद्या लग्नघरातल्यासारखा झाला होता. नसलेल्या माशासाठी विल्फ गळ टाकत होता आणि तो यायची वाट बघत हा आंधळा माणूस ओल्या बुटांनी बसला होता. विल्फला वाटलं, काही लागू नये. अंधार पडावा, बाई गेल्या म्हणून सांगता यावं, घरी जावं. उद्या पुन्हा हेच खोटं? परवा? हिवाळा लागेपर्यंत?

"कुठं आहेत?"

"दगडापाशीच."

"आमिष कुठंय?"

"जवळ."

"बघतायत का त्याच्याकडं?"

"बघतायत."

आणि त्या क्षणी काठी वाकली.

"बाई!" होरेस ओरडला. ओढीनं करकरलेली रीळ त्यानं ऐकली होती. "बाई आहेत रे! सैल दे, सैल दे! गवतात जाऊ देऊ नकोस! डावीकडं घे, गाढवा!"

तीन लहान बार्बेलांपैकी सगळ्यात धीट होता तो. विल्फला तो स्वच्छ दिसत होता, वळताना, फिरताना, चमकताना. पण लहान म्हटला तरी बार्बेल तो बार्बेल. चांगली झुंज देत होता. होरेस गुडघाभर पाण्यात उतरला होता, जाळं खाली धरून, कान आवाजाकडं लावून. "सांग, सांग मला. उजवीकडं? अजून? आता?"

"आता उचल."

होरेसनं उचललं. मासा आत आला.

"हलक्या झाल्यात रे," तो धापा टाकत म्हणाला. "पाणी कमी, खायला कमी. सुकल्यात बिचाऱ्या." जाळं पाण्यातच ठेवून त्यानं आत हात घातला. खाटकाचीच बोटं ती. अंधारातही सांधा शोधतील. बोटांनी ओठ शोधला, गळ शोधला, एका वळणात सोडवला. "चला बाई, आज शाळा सुटली."

मग बोटं ओठावरून फिरली. एकदा. पुन्हा एकदा.

"विल्फ."

विल्फनं काठी गवतात ठेवली.

"चार आहेत."

गाई वर चढून गेल्या होत्या. नदीचा आवाज तेवढा येत होता.

"या बाई नाहीत."

"नाहीत," विल्फ म्हणाला.

"मग दुसरा मधे घुसला. बाई अजून तिथंच असतील. बघ ना. आहेत का?"

किती सोपी वाट होती. आहेत, म्हटलं की झालं. विल्फनं तोंड उघडलंसुद्धा. पण होरेस पाण्यात उभा होता, भिजलेल्या विजारीनं, दुसऱ्याच माशाला जपून धरून, आणि त्याच्या तोंडावरचा लग्नघराचा उजेड अजून पुरता मावळला नव्हता.

"बाई नव्हत्याच, होरेस. सबंध संध्याकाळ नव्हत्या. मी खोटं सांगत होतो."

"का?"

"तू हॉस्पिटलात होतास तेव्हा मी त्यांना धरलं. या जागेत. तुझ्या बियांवर."

होरेसनं तोंड फिरवलं. पार पलीकडं, पुलाच्या दिशेला. ज्याला माहीत नसेल त्याला वाटलं असतं, त्याला बघवत नाही म्हणून. विल्फला माहीत होतं. होरेस त्याच्याकडं बघत होता.

"नीट सोडलंस ना?"

विल्फ विलोच्या सावलीकडं बघत राहिला.

मग होरेसनं जाळं पुढं केलं. "धर याला. दमलाय."

विल्फ पाण्यात उतरला आणि मासा त्यानं दोन्ही हातांत घेतला. होरेस चाचपडत काठावर चढला. खुर्ची तिथंच, पातेलं तिथंच. कुंपणाच्या तारेला हात लावून तो एकटाच शेताच्या टोकाकडं चालायला लागला. मधे गाईंनी काठ तुडवून तुडवून एक खड्डा केलेला होता. तिथून माणूस पडला तर सरळ खाली दगडांवर.

"होरेस! थांब! मी येतो!"

"मासा गेला?"

विल्फनं खाली पाहिलं. मासा हातात कलत होता. कल्ले उघडत होते, मिटत होते, पण शेपटीत जोर नव्हता. "नाही अजून."

"मग आधी ते पुरं कर!"

होरेस चालतच राहिला. विल्फ वाकलेला, कंबर मोडून आलेली, मान वळवून त्याच्याकडं बघत. होरेसचा बूट खड्ड्याच्या कडेला गेला, थांबला, चाचपला, तारेकडं सरकला. विल्फच्या मनात आलं, हात काढावेत आणि पळावं. माणूस मोठा की मासा? कुणीही म्हणेल, माणूस. त्या दिवशीसुद्धा त्याच्याकडं असंच काहीतरी कारण होतं, आणि ते त्या घटकेला तितकंच खरं वाटलं होतं. त्यानं बोटं आवळली नाहीत आणि सोडलीही नाहीत. प्रवाह माशाच्या तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडत राहिला. पाय बधिर झाले. पाकोळ्या पाण्याला चाटून जात होत्या.

खूप वेळानं त्याच्या तळव्यांत काहीतरी घट्ट झालं. मासा सरळ झाला. एकदा शेपूट हलली, थांबली. मग त्यानं विल्फच्या हातांना असा धक्का दिला की पाणी त्याच्या तोंडावर उडालं, आणि मासा आपल्या वाटेनं पाणगवतात निघून गेला.

शेताच्या टोकाला कुंपण ओलांडायची लाकडी पायरी आहे, तिच्यावर होरेस बसला होता. बूट काढून पाणी ओतून टाकत होता. विल्फ सगळं सामान खांद्यावर घेऊन आला आणि जरा लांबच उभा राहिला.

"गेला?"

"गेला. स्वतःहून."

होरेसनं दुसरा बूट झटकला. खिशातून कागदात गुंडाळलेली ओटच्या पिठाची घावनं काढली. ईनिडनं आत चीज घालून दिलेली, दोघांपुरती. त्यानं ती तशीच पायरीवर ठेवली. कुणी उचलली नाहीत.

"वजन केलंस?"

"नाही."

"का?"

"कुणाला सांगणार होतो?"

"मला," होरेस म्हणाला. "मला सांगायला काय झालं होतं? शिव्या दिल्या असत्या. आठवडाभर बोललो नसतो. पण मला कळलं तरी असतं. मी आता कधी बघणार नाही त्यांना, हे तुला माहीत होतं. तू बघितलंस, हातात धरलंस, आणि येऊन मला दगडामागच्या गोष्टी सांगितल्यास. मिशासुद्धा मोजून दाखवल्यास!"

विल्फनं खांद्यावरचं सामान खाली ठेवलं.

"बस," होरेस म्हणाला. "सांग. पहिल्यापासून. आणि एक अक्षर खोटं नको."

विल्फ पायरीच्या खालच्या फळीवर बसला. आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. बाई अंगणाच्या मधोमध कशा उभ्या होत्या. आमिष गडगडत कसं गेलं. काठी कशी वाकली.

"आधी कुठं पळाल्या? वर की खाली?"

"वर. मग वळून गवतात."

"मला वाटलंच होतं. मग?"

"मग खाली दगडांकडं. मी ओरडत होतो."

"काय?"

"नका ना बाई, म्हणून."

होरेसच्या नाकातून एक आवाज आला. हसू होतं की काय, ते त्यानं कळू दिलं नाही. "मग?"

विल्फनं बाईंना जाळ्यात घेतल्याचं सांगितलं. त्या कशा दिसत होत्या ते सांगितलं. पोटाखाली फिकट, पाठीवर गडद, पर कडेला लालसर, आणि तुटलेल्या मिशीच्या जागी बारीक गाठ आलेली. होरेस तोंड पलीकडं करून ऐकत होता. विल्फ तिथं थांबला. त्याला वाटलं, इथंच संपावं.

"पुढं?" होरेस म्हणाला.

"पाण्यात धरलं त्यांना. एका कुशीवर कलत होत्या."

"पुढं सांग."

"वाटेवरनं मेव्हिसची हाक आली."

"मग?"

संध्याकाळचं शेवटचं ऊन शेतावरून उतरत होतं. विल्फनं आपले ओले हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत म्हणाला, "मग मी हात काढून घेतले, होरेस. त्या स्वतःहून गेल्या नव्हत्या. मीच सोडलं त्यांना."